मदत हवी आहे: पुरात बुडालेली राजदूत ३५० सुरू झाली, पण गरम झाल्यावर आयडल आपोआप चढतंय आणि उजव्या सायलेन्सरमधनं पांढरा धूर

गावभागकर:

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. गाडी आमच्या आण्णांची, राजदूत ३५०, १९८७ ची, एलटी म्हणजे लो टॉर्क, २७ हॉर्सपॉवरवाली. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, ही म्हणजे यामाहाची आरडी ३५०, एस्कॉर्ट्सनी १९८३ पासून फरीदाबादला बनवली. जपानच्या गाडीला पुढं डिस्क ब्रेक आणि ३९ हॉर्सपॉवर होती, आपल्याकडं मायलेजसाठी ताकद कमी केली आणि पुढं ड्रम दिला, पण जात तीच, ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. आण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर याच गाडीवरनं जायचे, आवाज कोपऱ्यावर आला की आई चहा टाकायची, एवढं ठरलेलं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही आण्णांना आणि आईला घेऊन विश्रामबागला बहिणीकडं गेलो आणि गाडी बोळातच राहिली, आठवडाभर हँडलच्या वर पाणी. उतरल्यावर आलो तर टाकीवर, सीटवर, प्लगच्या खाचेत सगळीकडं तो पुराचा गाळ, ओला असताना लोण्यासारखा आणि वाळला की पावडरीसारखा. माझी चूक ही झाली की प्लग न काढता, आत काय आहे न बघता मी दोन-तीन किका मारल्या, कर्रर्र आवाज आला आणि किक जाम. मग घर सावरण्यात गाडी मागं पडली ती पडलीच. २०२१ ला परत पाणी चढायला लागलं तेव्हा मात्र कागदांच्या आधी गाडी टेम्पोत घातली.

मागच्या दिवाळीनंतर काम काढलं. इंजिन खोललं तर क्रँककेसच्या तळाला बोटभर गाळ थापलेला, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग गंजून एकजीव झालेली. एका गॅरेजवाल्यानं क्रँक बाहेर देऊन रॉड किट बसवून आणलं, सिलेंडरचा बोअर ५० ओव्हरसाइजला (अर्धा एमएम मोठा) केला, पिस्टन रिंगा नव्या, मेन बेअरिंग नव्या, सील नवीन टाकले म्हणून सांगितलं. वायरिंग मी स्वतः केलं, अल्टरनेटरचे कार्बन ब्रश बदलले, पॉइंट घासून सेट केले. पंधराव्या-सोळाव्या किकला गाडी सुरू झाली, आण्णा खुर्चीवरनं उठून उभे राहिले.

आता प्रॉब्लेम. थंड असताना आयडल बरोबर लागतं. दहा मिनिटं चालवली की आयडल आपोआप चढतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही, एकदा तर चावी बंद करावी लागली. दुसरं म्हणजे उजव्या सायलेन्सरमधनं दाट पांढरा धूर, गरम झाल्यावर पण थांबत नाही. डाव्याला तेवढा नाही. प्लग काढले तर डावा पांढराफट कोरडा आणि उजवा तेलानं ओला. गिअर ऑइल काढून मोजलं तर टाकलं होतं त्यापेक्षा पाव लिटर कमी, आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर ट्यून करू, टू-टी (पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) जास्त जातंय, ऑइल पंप कमी करू. माझं मन मानत नाही, कारण पंप कमी केला आणि बोअर परत चिकटला तर सगळं मुसळ केरात.

अजून एक, एक जण अख्खं दुसरं इंजिन देतो म्हणतोय, चालू कंडिशन. घ्यावं का? आणि आरसी बुक पुरात भिजलंय, जुना तीन अक्षरांचा नंबर आहे, मुदत संपलीय. व्हिंटेजमधे नोंद होईल का? आण्णा ७४ वर्षांचे आहेत, त्यांचं म्हणणं एकच, एकदा हरिपूरच्या चिंचांखालनं कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जाऊन यायचं. कुणी या गाडीत हात घातलेला असेल तर प्लीज सांगा.

अजिंक्यतारा११:

दादा, पहिलं काम म्हणजे गाडी चालवू नका, आयडलला सुद्धा नको. आणि ऑइल पंपाला अजिबात हात लावू देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय ते सगळं क्रँक सीलवरच, म्हणजे क्रँकच्या दोन टोकांच्या रबरी सीलवर येऊन थांबतंय. या गाडीला क्लच उजवीकडं, उजवा सील गेला की क्रँक गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून घेतो आणि जाळतो, म्हणून धूर पांढरा, प्लग ओला आणि ऑइल गायब. डावीकडं अल्टरनेटर, तिथं ऑइल नाही, म्हणून तो सील गेला की हवा ओढली जाते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस चढते, प्लग पांढरा पडतो. अशीच चालवली तर डावा पिस्टन चिकटणार.

सील नवीन टाकलेही असतील. पुरातल्या क्रँकचा खरा घात वेगळाच असतो, सीलचा ओठ जिथं शाफ्टवर बसतो तिथं गंजाचे बारीक खड्डे पडतात, नख फिरवलं तरी लागतात. त्यावर नवीन सील घातला तरी ते खड्डे थोड्याच दिवसात तो खाऊन टाकतात.

प्रेशर टेस्ट करा. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबर लावून बंद करा, कार्बोरेटर काढून इंटेकला बूच, एका प्लगच्या जागी व्हॉल्व्ह बसवून सायकलच्या पंपानं ६ पीएसआय भरा, दुसरा प्लग लावलेला असू द्या. सहा मिनिटं प्रेशर गेजचा काटा हलला नाही पाहिजे. हलला तर साबणाचं पाणी मारत जा, फुगे जिथं तिथं लीक. दोन्ही बाजूंनी हवा भरून बघा. क्रँकच्या मधे अजून एक लॅबिरिंथ सील आहे, तो नुसत्या खाचांचा, शाफ्टला टेकत नाही, त्यामुळं एकीकडं भरलेली हवा थोडी दुसरीकडं जाणारच, त्यावरनं तो झिजलाय असं धरू नका. सील उघडायच्या आधी कार्बोरेटरचे रबर बूट पण बघा, चिरा असतात.

दुसरं इंजिन घेऊ नका. इंजिन नंबर केसवर असतो, आरसीशी जुळणार नाही, आणि वरची-खालची केस जोडीनं मशीन केलेली असते म्हणून अर्धी बदलून पण भागत नाही. व्हिंटेजचं म्हणाल तर २०२१ च्या नियमात ५० वर्षं पूर्ण लागतात, तुमची अजून बसत नाही. साधी पाच वर्षांची रिन्यूअल करायची, पर्यावरण कर भरायचा, जुना नंबर कॉम्प्युटरवर दिसत नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्या. चासी नंबरचा पेन्सिलनं घासून ठसा आत्ताच काढून ठेवा, चासीला रंग मारायच्या आधी.

गावभागकर:

दादा खरंच आभार. काल रात्री टेस्ट केली. डावीकडं अर्ध्या मिनिटात काटा खाली, अल्टरनेटर काढून फेस मारला तर शाफ्टभोवती बारीक बारीक फुगे, आण्णांनी बॅटरी धरली होती, त्यांनाच आधी दिसले. उजवीकडं भरलेली हवा क्लचच्या बाजूला गिअरबॉक्समधे जातीय, ऑइल टाकायच्या भोकाशी कान लावला की सूं आवाज येतो. डाव्या शाफ्टवर नख फिरवलं, खरबरीत लागतंय. म्हणजे इंजिन परत खाली घ्यायचं, आता घाई नाही करणार.

आता शेवटचा प्रश्न. आमच्या कुपवाड एमआयडीसीत लेथवाले भरपूर आहेत, पण ही क्रँक दाबून जोडलेली, ती खोलून परत पॉइंट झिरो तीन एमएमच्या आत ट्रू (सरळ) करून देणारा, व्ही-ब्लॉकवर ठेवून आपल्यासमोर डायल फिरवून दाखवणारा कुणी माहितीत आहे का, सांगली, सातारा, कोल्हापूर कुठंही चालेल, मी स्वतः घेऊन येतो. शाफ्टवर हार्ड क्रोम करून ग्राइंड केलेलं टिकतं का स्लीव्ह बसवावी, हे पण कुणी करून बघितलं असेल तर सांगा.