मदत हवी आहे: घरच्यांसाठी लाकडी शिडाची होडी, तळ कसा ठेवू?

नमस्कार मंडळी. राहायला वर्सोव्याला. आईसकट आम्ही पाचजण मांडव्या-रेवदंड्यापर्यंत निवांत जाऊ, अशी 24 फुटी शिडाची होडी बांधायचीय. फायबर नको, यावर घरात एकमत आहे (असं क्वचित होतं).

गाडी अडलीय तळावर. खोल कील (तळाखाली मधोमध उभं उतरणारं पक्कं पातं) असली की होडी वाऱ्याच्या रेट्याने आडवी वाहवत नाही. पण आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत 4 मीटरच्या वर फरक पडतो, ओहोटीला खाडीत नुसता चिखल. खोल कीलवाली तिथे कुशीवर लवंडणार, आणि आई आत! म्हणून सपाटसर तळ आणि वर ओढता येणारा सेंटरबोर्ड (तळातल्या फटीतून खाली सोडायचं पातं) बरा वाटतो. फक्त हे पातं ज्यात वर सरकतं ती पेटी तळाला जिथे जोडतात, तिथूनच पाणी झिरपतं म्हणे. कुणी वापरलाय का? सांधा कसा केलात?

फळ्या सागाच्या घेणार. आतल्या फासळ्यांना मुळातच वळण असलेली बाभूळ हवी. सरळ लाकडातून बाक कापला की रेषा तुटतात आणि फासळी तिथेच चिरते. असं लाकूड वसई-उत्तनकडे मिळेल का? आणि फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकणारे जाणते सुतार अजून काम घेतात का? माहीत असेल तर इथेच सांगा. पावसाळ्याआधी लाकूड आणून सुकवायला ठेवायचंय.