मदत हवी आहे: 'सौभद्र'मधला संन्यासी अर्जुन आणि घटोत्कच नेमके कुठून आले?

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळात यंदा गणपतीत 'संगीत सौभद्र'मधले, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या अर्जुन-सुभद्रेच्या लग्नावरच्या नाटकातले, निवडक प्रवेश करायचं ठरलंय. गाणारे तयार आहेत, पेटी-तबला घरचाच आहे. प्रवेशांना जोडणारं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलंय. नाटक माझ्या फार आवडीचं, त्यामुळे हौसेने हो म्हटलं आणि मूळ कथा नीट वाचून घ्यावी म्हणून महाभारताचं पहिलं पर्व, आदिपर्व उघडलं. तिथेच गाडी अडली. नाटकातल्या बऱ्याचशा गोष्टी तिथे नाहीतच!

तालमीला येणारे एक आजोबा म्हणतात, संन्याशाचा वेष ही सगळी अण्णासाहेब किर्लोस्करांची करामत. अर्जुनाचं काम करणारा मुलगा म्हणतो, त्याच्या आजीने हीच गोष्ट पोथीतली म्हणून सांगितली होती. मला निवेदनात खरं काय ते सांगायचंय. अण्णासाहेबांचं श्रेय दुसऱ्याला जाऊ नये आणि दुसऱ्या कुणाचं त्यांच्या नावावर चढू नये, एवढंच.

आधी मी काय वाचलं ते सांगते. संशोधित आवृत्तीत (वेगवेगळ्या हस्तलिखितांचे पाठ ताडून तयार केलेल्या) सुभद्राहरण आदिपर्वाच्या २११ आणि २१२ या अध्यायांत आहे. ब्राह्मणाच्या गाई सोडवायला शस्त्रं हवी होती आणि ती होती युधिष्ठिर-द्रौपदी जिथे बसले होते त्या दालनात. एक भाऊ द्रौपदीबरोबर असताना दुसऱ्याने आत जायचं नाही, असा नियम ठरलेला. अर्जुन आत गेला, तो नियम मोडला आणि बारा वर्षांसाठी बाहेर पडला. वाटेत उलूपी आणि चित्रांगदा यांच्याशी लग्नं झाली, आणि फिरत फिरत तो प्रभासला पोचला. कृष्ण स्वतः त्याला भेटायला तिथे येतो. रैवतक पर्वतावर यादवांचा उत्सव भरतो, तिथे अर्जुन सुभद्रेला बघतो, आणि कृष्णाच्या ते लगेच लक्षात येतं. हसून म्हणतो, वनात फिरणाऱ्याचं मन कामाने असं कसं ढवळून निघालं? पुढे सल्लाही तोच देतो: स्वयंवरात ती कोणाला माळ घालेल याचा भरवसा नाही, तू सरळ पळवून ने. युधिष्ठिराकडे दूत जातात, परवानगी येते, आणि रैवतकाला प्रदक्षिणा घालून परतणाऱ्या सुभद्रेला अर्जुन रथात घालून नेतो.

म्हणजे कृष्ण आणि अर्जुन पहिल्यापासून एकत्र, आणि सगळा बेत उघड. नाटकात नेमकं उलटं. तिथे नारद येऊन अर्जुनाला सांगतो की बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. अर्जुन खचतो आणि संन्याशाच्या वेषात द्वारकेत शिरतो. कृष्ण सूत्रं हलवत असतो, पण कोणालाच काही सांगत नाही. नाटकाची सगळी गंमत या न सांगण्यात आहे. आदिपर्वातल्या हरणाच्या प्रसंगात दुर्योधनाचं स्थळ नाही, संन्यासही नाही.

नारदाचं मात्र मला नवल वाटलं. ज्या नियमामुळे अर्जुन घराबाहेर पडला, तो नियम पांडवांनी केला नारदाच्या सांगण्यावरून. सुंद आणि उपसुंद हे भाऊ तिलोत्तमेपायी एकमेकांना मारून कसे संपले, ही गोष्ट त्यानेच त्यांना ऐकवली होती. नाटकाची सुरुवात नारदावर करण्यामागे हाच विचार असेल का?

आता बलराम. नाटकात तो संन्याशाच्या पाया पडतो, त्याला घरी आणतो आणि सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवतो. मला हा प्रवेश अतिशय आवडतो, पण आदिपर्व वाचल्यावर तो गळी उतरेना. द्रौपदीच्या स्वयंवरात पांडव ब्राह्मणांच्या वेषात बसलेले असताना कृष्णाने बलरामाला एकेक जण ओळखून दाखवला होता. नंतर दोघे कुंभाराच्या घरी जाऊन त्यांना भेटलेही. सख्ख्या आतेभावाला वेषांतरात एकदा पाहिलेला हा माणूस दुसऱ्या वेळी इतका कसा फसतो?

घटोत्कचाचं कोडं तर त्याहून मोठं. नाटकात सुभद्रेला उचलून नेणारा तो. आदिपर्वात या प्रसंगी त्याचा मागमूस नाही. वयाचा प्रश्न मात्र सुटतो, कारण राक्षसिणींना गर्भ राहिला की लगेच मूल होतं आणि घटोत्कच जन्मल्याबरोबर तरुण झाला, असं आदिपर्वातच सांगितलंय. पण त्याला या गोष्टीत आणलं कोणी?

आणि सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट सुभद्रेची. आदिपर्वात हरण होईपर्यंत ती एक शब्द बोलत नाही. तिला कोणी विचारतही नाही. तिच्या तोंडचे पहिले शब्द येतात ते थेट इंद्रप्रस्थात. अर्जुन तिला तांबडं रेशमी वस्त्र नेसवून गवळणीच्या वेषात द्रौपदीकडे पाठवतो, आणि ती वाकून म्हणते, 'मी तुमची दासी.' बस, एवढंच. नाटकात हीच सुभद्रा 'वद जाऊं कुणाला शरण' म्हणत सखीपुढे जीव मोकळा करते, रडते, रागावते, आपल्याला कोण हवं ते सांगते. नट भाऊराव कोल्हटकरांनी केलेली सुभद्रा लोकांनी डोक्यावर घेतली, कारण तिथे घ्यायला काहीतरी होतं. हा बोलका जीव अण्णासाहेबांनी तिला दिला की त्याआधीच कोणी दिला होता? मला मुख्य मदत इथे हवी आहे.

श्रीधरांच्या 'पांडवप्रताप' या मराठी पोथीत ही कथा कशी आलीये ते कोणी वाचलं असेल तर तेही सांगा. कानडी-तेलुगू बाजूची माहिती असणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

---

शमीवृक्ष:

ताई, तुमच्या अर्जुनाची आजी बरोबर आहे. भागवताचा दशम स्कंध, अध्याय ८६ काढा. तिथे परीक्षित शुकाला विचारतो, माझ्या आजीचं आणि आजोबांचं लग्न कसं झालं ते मला ऐकायचंय. (सुभद्रा त्याची खरोखरच आजी. एवढ्या मोठ्या पुराणात नातू आजीच्या लग्नाची गोष्ट विचारतो, हे मला फार गोड वाटतं.) त्यावर शुक जी गोष्ट सांगतो, ती म्हणजे जवळजवळ तुमचं नाटकच. बलराम सुभद्रा दुर्योधनाला देणार, इतरांना ते मान्य नाही, हे अर्जुनाच्या कानावर येतं. तो त्रिदंडी यती (तीन दंड धारण करणारा संन्यासी) होऊन द्वारकेत जातो, पावसाळ्याचे महिने तिथे काढतो, आणि बलराम त्याला न ओळखता घरी बोलावून जेवू घालतो. बलराम कसा फसला याचं उत्तर भागवत देत नाही, 'न जाणता' एवढंच म्हणतं. अण्णासाहेबांनी त्या एका शब्दाचा अख्खा प्रवेश केला, असं मी समजतो.

सुभद्रेबद्दलही तिथे एक ओळ आहे. तीही त्याला बघते, लाजून हसते, आणि तिचं मन त्याच्यावर जडतं. पुढे देवाच्या यात्रेला ती रथातून बाहेर पडते तेव्हा अर्जुन तिला नेतो, आणि तेही तिच्या आई-वडिलांच्या आणि कृष्णाच्या संमतीने. म्हणजे तिची इच्छा भागवतात आहे, पण बोलणं नाही.

आता कानडी-तेलुगूबद्दल. महाभारताच्या दाक्षिणात्य पाठात, म्हणजे दक्षिणेकडच्या हस्तलिखितांत, यतिवेषाची कथा मोठी आहे. सुभद्रा त्या यतीची सेवा करते आणि त्यालाच अर्जुनाबद्दल विचारते. पुण्यात भांडारकर संस्थेने संशोधित आवृत्ती काढली, आदिपर्व सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पुरं झालं, तेव्हा हा भाग मूळ संहितेतून काढून परिशिष्टात गेला. म्हणून तुम्हाला तो दिसला नाही. तेलुगूत चेमकूर वेंकटकवीचं 'विजयविलासमु' याच कथेवर आहे, आणि यक्षगान या कर्नाटकी लोकनाट्यातलं 'सुभद्रा कल्याण' आजही होतं. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, बेळगावकडचे. कानडी खेळ त्यांच्या कानावरून गेले नसतील असं मला वाटत नाही. पण हा माझा तर्क आहे, निवेदनात छातीठोकपणे सांगू नका.

---

उत्तररात्र:

घटोत्कचाबद्दल थोडं. आपल्याकडे वत्सलाहरणाची कथा सगळ्यांना ठाऊक असते. बलरामाची मुलगी वत्सला, तिचं लग्न दुर्योधनाच्या मुलाशी ठरलेलं, तिला हवा अभिमन्यू, आणि ऐन वेळी कृष्णाच्या बाजूने घटोत्कच मायेचा खेळ करतो. 'सौभद्र'शी ताडून बघा. बलरामाचा कौरवांना शब्द, कृष्णाचा गुपचूप विरोध, राक्षसाची माया. एका पिढीची गोष्ट दुसऱ्या पिढीत गेली असावी.

पण याहून जुना दाखला केरळात आहे. कुलशेखरवर्म्याचं 'सुभद्राधनंजय' हे संस्कृत नाटक कूडियाट्टम या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकारात करतात. त्यात अलंबुष नावाचा राक्षस सुभद्रेला उचलून नेतो आणि अर्जुन तिला सोडवतो. ही कोण हे त्याला माहीत नसतं, आणि हा कोण हे तिला. तिच्या वस्त्रावर अर्जुनाची नावं लिहिलेली असतात. अण्णासाहेबांनी ते वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण दोन्ही नाटककारांसमोर अडचण एकच होती असं मला वाटतं. ज्याच्यावर प्रेक्षकांनी जीव टाकायचा तो नायक पोरीला जबरदस्तीने रथात घालतो, हे रंगभूमीवर बघवत नाही. म्हणून पळवण्याचं काम राक्षसाकडे दिलं आणि सोडवण्याचं अर्जुनाकडे. माझ्या मते मूळ कथेपासून सगळ्यात मोठी फारकत ही आहे, संन्यासाची नव्हे.

आणि ताई, आदिपर्वातला कृष्ण इतका वाईटही नाही. हरणानंतर बलराम चिडतो तेव्हा कृष्ण जे बोलतो त्यात एक वाक्य आहे: जनावरासारखं मुलीचं दान कोणाला पसंत पडेल? निवेदनात ते घ्याच.

---

धागाकर्ती:

शमीवृक्ष, उत्तररात्र, दोघांचे मनापासून आभार. कालच भागवताचा ८६वा अध्याय वाचला. परीक्षिताच्या प्रश्नानेच निवेदन सुरू करायचं ठरवलंय. आजीच्या लग्नाची गोष्ट ऐकायला बसलेला राजा म्हटलं की पहिल्या रांगेतली मुलंही कान टवकारतील.

कृष्णाचं ते वाक्य सापडलं. मला ते वाचून समाधान झालं आणि थोडं वाईटही वाटलं. वाक्य इतकं चांगलं, पण ते बोलणाऱ्यानेही बहिणीला विचारलेलं नाही. तिच्या मनाचा भरवसा नाही म्हणूनच तर त्याने पळवायला सांगितलं होतं. त्यामुळे माझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं: संन्यास आणि दुर्योधनाचं स्थळ भागवताचं, घटोत्कचाची चाल वत्सलाहरणासारखी, सुभद्रेची ओढ भागवताच्या एका ओळीतली, पण तिचं सखीशी बोलणं आणि गाणं अण्णासाहेबांनी फुलवलेलं. १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात पहिला प्रयोग झाला तेव्हा तीनच अंक तयार होते, आणि तेवढ्यावरही लोक खूश झाले. आजोबांना हे सगळं वाचून दाखवलं. संन्यास भागवतातला हे त्यांनी मान्य केलं, पण 'बलरामाचा प्रवेश मात्र अण्णासाहेबांचाच' यावर ते ठाम आहेत, आणि मलाही ते पटतं.

एक गोष्ट अजून अडली आहे. नाटकात रुक्मिणी आहे, कृष्ण तिची समजूत काढतो तो प्रवेश आम्ही करतोय. रुक्मिणीचंही लग्न भावाने शिशुपालाशी ठरवलं होतं आणि तिने स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावून घेतलं. सुभद्रेची बाजू तिच्याइतकी कोणाला कळणार? हे निवेदनात म्हणावं असं फार वाटतंय, पण नाटकाच्या संहितेत रुक्मिणी स्वतः कुठे आपल्या लग्नाचा उल्लेख करते का? आमच्याकडची प्रत प्रयोगासाठी छाटलेली आहे. पूर्ण पाच अंकी छापील संहिता कोणाकडे असेल तर रुक्मिणीची वाक्यं तेवढी बघून कळवाल का? आणि 'पांडवप्रताप' अजून कोणी उघडलेला दिसत नाही, त्याचीही वाट बघते आहे. निवेदन या रविवारच्या तालमीला वाचायचं आहे.