दिवाळी अंकातील ललित लेखाचे हक्क आणि संपादकांनी बदललेला मजकूर : मदत हवी आहे

नमस्कार. मी घर, नातीगोती आणि कुळाचार या विषयांवर ललित लेखन करणारी मुक्त लेखिका आहे. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या कोकणातल्या घरच्या खड्यांच्या गौरींवरचा माझा लेख प्रसिद्ध झाला. पाणवठ्यावरून तोंडात पाणी धरून, अवाक्षर न बोलता खडे घेऊन येणाऱ्या सुवासिनी, आणि गौरींच्या नैवेद्याच्या घावनांसाठी तांदूळ वाटणारी, पण पूजेच्या वेळी माजघरातच थांबणारी माझी विधवा आत्या, या दोन चित्रांवर तो लेख उभा होता. मजकूर आत्याला आधी वाचून दाखवला होता आणि तिने छापायला मनापासून होकार दिला होता.

छापील लेखात आत्याचा परिच्छेदच नाही. त्याऐवजी आपले सण सर्वांना सामावून घेतात, अशा अर्थाचे वाक्य मला न विचारता माझ्या नावावर घातले आहे. जागेअभावी काटछाट करणे मी समजू शकते. परंतु येथे लेखाचे म्हणणेच उलटे झाले आहे, आणि ज्या माणसाने विश्वासाने आपले दुःख आपल्या हाती सोपवले त्याला असे पुसून टाकणे मला अतिशय गंभीर वाटते.

आता मूळ लेख मला माझ्या संग्रहात घ्यायचा आहे. अंकाच्या प्रकाशकांचे म्हणणे असे, की ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ ही ओळ अंकात छापलेली असल्याने त्यांची परवानगी लागेल. मी कोणत्याही करारावर सही केलेली नाही. लेख ईमेलने पाठवला, स्वीकृती आली, मानधन जमा झाले, एवढाच व्यवहार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते, तर हक्क दिल्यानंतरही लेखकाच्या लौकिकाला बाध येईल अशा फेरफाराविरुद्ध दाद मागण्याची सोय कलम ५७ मध्ये आहे, असे मी वाचले आहे.

प्रकाशन व्यवहारातील किंवा वकिली क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे, की नुसत्या छापील ओळीला कितपत वजन असते, आणि अंकाच्या संकेतस्थळावरचा बदललेला लेख दुरुस्त करून घेण्यासाठी आधी संपादकांना साधे पत्र लिहावे की थेट वकिलामार्फत नोटीस द्यावी? असे पत्र कोणी पूर्वी लिहिले असल्यास त्यातील मुद्दे कळवावेत. आत्याचा परिच्छेद तिच्या हयातीत छापून यावा, अशी माझी फार इच्छा आहे.