मदत हवी आहे : तेल शेजारच्या देशाच्या हद्दीत सांडलं आणि आपल्या किनाऱ्याला लागलं तर दाद कोणाकडे मागायची?

खाडीकाठ :

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते कोथरूडला. आजोळ हर्णैचं. मामाची बोट आहे आणि तो तिथल्या मच्छीमार सोसायटीचं कामही बघतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यावर पुन्हा डांबराचे गोळे (समुद्रात सांडलेलं तेल घट्ट होऊन बनलेले) आले. तळव्यांना चिकटतात, जाळ्याला लागले की जाळं धुऊन निघत नाही, कापून टाकावं लागतं. मामाने एका कार्यालयात अर्ज दिला. "हे बाहेरच्या समुद्रातून येतं, आम्ही काय करणार?" असं सांगून त्याला परत पाठवलं.

आता सोसायटीने मला दोन पानांचं माहितीपत्रक लिहायला सांगितलंय, साध्या मराठीत. मामाचा प्रश्न मी त्याच्याच शब्दांत देते : "हद्द ओलांडली तर आमच्या पोरांना पकडून वर्षवर्ष कोठडीत ठेवतात. तेलाला हद्द कोण दाखवतो?"

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. २००३ साली कराचीजवळ 'तास्मान स्पिरिट' हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा सुमारे ३०,००० टन कच्चं तेल समुद्रात गेलं. २०१४ मध्ये बांगलादेशात सुंदरबनच्या शेला नदीत टँकर बुडाला आणि गावातल्या बायापोरांनी भांडी न् फडक्यांनी तेल गोळा केलं. तेच सुंदरबन पुढे आपल्या बंगालमध्येही पसरलंय. अशा वेळी दोन देश एकमेकांना कळवतात कसं? मदतीची बोट हद्द ओलांडते कोणाच्या परवानगीने? पैसे कोण देतं? आणि मच्छीमाराच्या हातात यातलं काय येतं?

जाणकारांनी सांगावं. चुकीचं काही लिहून हर्णैला पाठवायचं नाहीये.

इंजिनरूम :

ताई, मी २६ वर्षं जहाजांवर इंजिनीअर होतो, आता औंधला असतो. पहिल्या दोन प्रश्नांबद्दल सांगतो.

आपल्याकडे समुद्रातल्या तेलगळतीची जबाबदारी तटरक्षक दलाची. १९९६ पासून त्याचा राष्ट्रीय आराखडा आहे. शेजाऱ्यांसाठी वेगळी चौकट आहे : कोलंबोत 'साकेप' नावाची दक्षिण आशियाई पर्यावरण संस्था आहे, तिच्या सागरी कार्यक्रमात भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव असे पाच देश आहेत. तेल आणि रसायनांच्या गळतीसाठी पाचांचा मिळून एक आराखडा आहे. त्याच्या सामंजस्य कराराला आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. भारताकडून संपर्काची जागा तटरक्षक दल. म्हणजे मामांना "आम्ही काय करणार" म्हणणाऱ्यांनी निदान पुढे कुठे जायचं ते सांगायला हवं होतं.

कळवण्याची पद्धत जगभर जवळजवळ सारखी आहे, तिला 'पोलरेप' म्हणतात. ठरलेल्या क्रमांकांचा संदेश : कुठे, केव्हा, कसलं तेल, किती, वारा कुठला, प्रवाह कुठला, आणि शेवटी कोणती मदत हवी. भाषा वेगळी असली तरी क्रमांक तेच, त्यामुळे रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या माणसाला अर्थ लावत बसावं लागत नाही.

प्रत्यक्षातलं उदाहरण २०२१ चं. कोलंबोबाहेर 'एक्स-प्रेस पर्ल' या कंटेनरवाहू जहाजाला आग लागली. श्रीलंकेने मदत मागितली आणि आपल्या तटरक्षक दलाची 'वैभव', 'वज्र' आणि प्रदूषण निवारणाची खास नौका 'समुद्र प्रहरी' तिकडे गेली. हे चांगलंच झालं. पण मला त्याआधीची गोष्ट छळते. नायट्रिक आम्लाचा एक कंटेनर गळतोय हे आगीच्या कितीतरी दिवस आधी कळलं होतं. कतारचं हमाद आणि आपलं हाजिरा, दोन्ही ठिकाणी तो उतरवून घ्या म्हणून विनंती झाली. दोन्हीकडे नकार मिळाला. जहाज तसंच पुढे गेलं, पेटलं आणि त्यातल्या मालातल्या प्लास्टिकच्या दाण्यांचा थर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर साचला. शेजारधर्म पाळायचा तर तो तिथे पाळायला हवा होता, गळका कंटेनर बंदरात घेऊन. आग लागल्यावर नौका पाठवणं ही पुढची पायरी. हे तुमच्या पत्रकात यावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरी_घंटा :

पैशांबद्दल. उत्तर समुद्राभोवतीच्या देशांचा बॉन करार बघा, १९६७ च्या 'टॉरी कॅन्यन' या तेलवाहू जहाजाच्या दुर्घटनेनंतर १९६९ मध्ये झालेला. त्यांनी समुद्राचे विभाग वाटून घेतलेत आणि खर्चाचा नियम आधीच लिहून ठेवलाय : शेजाऱ्याने बोलावलं म्हणून गेलात तर खर्च बोलावणाऱ्याचा, स्वतःहून गेलात तर तुमचा. संकटाच्या वेळी घासाघीस नको म्हणून.

मच्छीमाराची भरपाई हा मात्र वेगळा मार्ग आहे आणि खाडीकाठ, तुमच्या मामांना खरा उपयोग याचा. टँकरमधलं तेल असेल तर १९९२ चे दोन करार लागू होतात, एक जहाजमालकाच्या जबाबदारीचा आणि दुसरा, मालकाकडून पुरेशी भरपाई मिळाली नाही तर ती देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा. भारत दोन्हींत आहे. दावा ज्या देशात नुकसान झालं तिथल्या न्यायालयात चालतो. म्हणजे जहाज कराचीजवळ फुटलं आणि नुकसान हर्णैला झालं, तर कराचीला जायची गरज नाही. जाळी साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च, बुडालेली मासेमारी, दोन्ही मागता येतं. मुदत नुकसानीपासून ३ वर्षं, घटनेपासून जास्तीत जास्त ६. मालवाहू जहाजाचं स्वतःचं इंधन सांडलं तर २००१ चा बंकर करार. त्यात थेट विमा कंपनीवर दावा करता येतो.

ताजं उदाहरण : मे २०२५ मध्ये कोचीजवळ बुडालेलं 'एमएससी एल्सा ३' लायबेरियाच्या झेंड्याचं होतं, तरी केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा केरळ उच्च न्यायालयातच लावला.

अडचण एकच, पण मोठी. डांबरगोळे कोणत्या जहाजाचे हे कळत नाही. जहाज सापडलं नाही तरी निधीकडे जाता येतं, पण ते टँकरचंच तेल आहे हे सिद्ध करावं लागतं.

खाडीकाठ :

दोघांचे मनापासून आभार. इंजिनरूम काका, कंटेनरची गोष्ट पत्रकात पहिल्या पानावर घेतेय. आणि "कराचीला जायची गरज नाही" हे वाक्य मामाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही?"

शनिवारी स्वारगेटहून दापोलीची एसटी धरतेय. गोळे आले तर पुरावा म्हणून नमुना कसा ठेवायचा? सोसायटीत सगळे प्लास्टिकच्या पिशवीत भरतात.

इंजिनरूम :

प्लास्टिक नको, त्यातले घटक तेलात मिसळतात. काचेची स्वच्छ कोरडी बरणी घ्या. झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लावा. वर तारीख, वेळ, जागा आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. बरणी थंड आणि अंधारात ठेवा, बर्फाच्या पेटीतही चालेल, ती तर तिथे प्रत्येकाकडे असते. प्रत्येक तेलाची रासायनिक ठेवण वेगळी असते, म्हणून प्रयोगशाळेत ती संशयित जहाजाच्या टाकीतल्या तेलाशी ताडून बघता येते. युरोपातले शेजारी देश असे निष्कर्ष एकमेकांना पाठवतात. नमुना घेतल्याबरोबर १५५४ वर तटरक्षक दलाला कळवा आणि फोनची वेळ वहीत टिपून ठेवा. शक्यतो दोन बरण्या भरा, एक सोसायटीकडेच राहू द्या.