व्हेंट लायनर : फैरी नको, भोक मोजा
तुमच्या अमेरिकेतल्या भावाने विचारलंय की स्मोकलेस मझललोडरचा (नळीच्या तोंडातून भरायची, पण बिनधुराच्या पावडरवर चालणारी बंदूक) व्हेंट लायनर किती फैरींनंतर बदलायचा. हा लायनर म्हणजे ब्रीच प्लगमधला, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या आट्यांच्या बुचातला, बारीक भोकाचा बदलता येणारा तुकडा; प्रायमरची (ठिणगी देणाऱ्या टोपीची) ज्योत त्यातून पावडरपर्यंत जाते. फैरींवर जाऊ नका, भोक मोजा. भोसरीच्या टूलरूममधला कुणीही हेच सांगेल. ड्रिलच्या दांड्याने अंदाज येतो, पण पिन गेज (अचूक व्यासाची मापाची पिन) असेल तर प्रश्नच मिटला.

नवं भोक बहुधा ०.०३० इंचाच्या आसपास, म्हणजे ०.७६ मिमी. तप्त वायूने झिजत ते १ मिमी झालं, तर क्षेत्रफळ जवळजवळ पाऊणपट वाढतं! तेवढा जास्त वायू मागे प्रायमरवर येतो, बोल्टच्या (प्लगमागच्या सरकत्या दांड्याच्या) तोंडावर काजळी धरते, गोळीचा वेग फैरीगणिक बदलतो. तिथवर वाट पाहूच नये. बदलायची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेतलीच धरा.

लायनर त्याच ब्रीच प्लगसाठी बनवलेला घ्या. आटे स्वच्छ करून अँटी-सीझ लावा. आणि प्लगला पाना लावण्याआधी नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री करा, हे फार महत्त्वाचं.

काळ्या दारूसाठीच्या बंदुकीत स्मोकलेस पावडर कधीही नाही, लायनर कितीही भारी असो. इथे पुण्यात कुणा ओळखीच्या लेथवाल्याकडून असे भाग करून घ्यायचा विचारही नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्यासाठी परवाना लागतो.