रेनकोट्सचा पहिला अल्बम: कच्चा, की ठरवून तसा?

तापीकाठ (जळगाव)
बायकांच्या पंक रॉकचा विषय निघाला की सगळे स्लिट्स या बँडच्या ‘कट’ अल्बमवर जातात. त्याच वर्षी, १९७९च्या नोव्हेंबरात, लंडनच्या रफ ट्रेड कंपनीने काढलेला रेनकोट्स या बायकांच्या बँडचा पहिला अल्बम ‘द रेनकोट्स’ मागेच राहतो. नाव निघालंच तर निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनला आवडायचा म्हणून. आपल्याकडे कॉलेजच्या मुलींनी बँड काढला तर सराव याच अल्बमवर करावा, असं माझं ठाम मत आहे. ‘कट’वर ड्रम्स बजीने, म्हणजे पुरुषाने वाजवलेत. स्लिट्सची मूळ ड्रमर पामोलिव्ह तोवर रेनकोट्समध्ये आली होती. तिचं ‘ॲडव्हेंचर्स क्लोज टू होम’ दोन्ही अल्बमांवर आहे, लागोपाठ ऐका. ‘कट’चा निर्माता डेनिस बोव्हेलने स्लिट्सना रेगेची, म्हणजे जमैकन संगीताची, मोकळी जागा दिलीय. रेनकोट्सच्या अल्बमवर गिटार, बास, व्हायोलिन तिन्ही एकदम बोलतात आणि तरी गाणं उभं राहतं.

धुळेकर
ताई, हाई गोट पटनी नही. लय मधेच धावते, मधेच रेंगाळते, गाणाऱ्या सुरावरून घसरतात. ‘लोला’च घ्या. मूळ गाणं किंक्स या बँडचं, त्याची चाल सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे कुठे सुटलं ते लगेच कळतं. व्हिकी ॲस्पिनॉल शास्त्रशुद्ध व्हायोलिन शिकलेली, बाकीच्या नवख्या. कच्चेपणाला तत्त्वज्ञान नंतर चिकटवलंय. शिकणाऱ्या पोरींना हे दिलं तर बेलय वाजवणं म्हणजेच पंक, असं त्यांना वाटेल.

भुसावळ जंक्शन
धुळेकर, लय सरकते हे खरं, पण का सरकते ते बघा. नेहमीचा रॉक ड्रमर एका हाताने हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) बारीक ठोके चालू ठेवतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर हा कडक वाजणारा ड्रम मारतो. पामोलिव्ह तो हात टॉम्सवर, म्हणजे घुमणाऱ्या ड्रम्सवर, नेते, झांजा फार कमी. झांजांची सळसळ आणि व्हायोलिनच्या गजाची खरखर एकाच वरच्या पट्ट्यात येतात. झांज बाजूला झाली की व्हायोलिनला जागा मिळते, म्हणून ते या गोंगाटात स्वच्छ ऐकू येतं. पण मात्रेचे बारीक भाग मोजून देणारं मग कुणी उरत नाही, आणि लय हलते. या मांडणीची ती किंमत आहे.

वाजवायचं असेल तर हाय-हॅट सरळ काढून ठेवा. मोजणीचं काम बासवालीकडे द्या: तिने ड्रमरसमोर उभं राहून पायाने आठ मोजायचे. आधी पाऊण वेगात बसवा. मेट्रोनोम फक्त सुरुवातीचा वेग ठरवायला वापरा. पुढे चालू ठेवला तर टॉम्सचा झुलता ठेका जातो आणि गाणं कवायत होतं. व्हायोलिनचा गज घोडीजवळ, जरा दाबून. साधा पिकअप (व्हायोलिनला लावायचा छोटा माइक) ॲम्पला जोडला की शिट्टी वाजते, म्हणून ॲम्पसमोर उभं राहू नका आणि ॲम्पवरचा ट्रेबल थोडा कमी करा. आपल्या मे महिन्यात लाकूड सुकून खुंट्या निसटतात, तेव्हा खुंटी आत दाबत फिरवायची. नुसती पिळली तर पुन्हा सुटणार.

केळीबाग (रावेर)
एक लक्षात घ्या. ‘फेअरीटेल इन द सुपरमार्केट’ मूळ तबकडीवर नाही. ते सिंगल, म्हणजे वेगळं काढलेलं गाणं होतं, १९९३च्या आवृत्तीत जोडलं. अल्बमची पारख ‘नो साइड टू फॉल इन’पासून करा. आणि ‘ऑफ ड्यूटी ट्रिप’ विसरू नका: सैनिकाने केलेला बलात्कार, वर कोर्टाने त्याला दिलेली सवलत. हा विषय सुबक वाजवला असता तर खोटा वाटला असता.

तापीकाठ (जळगाव)
आवाजांचं म्हणाल तर आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला बसा. एक बाई ओळ उचलते, ती संपायच्या आत दुसरी शिरते. त्याला कुणी बेसूर म्हणत नाही. ‘इन लव्ह’मध्ये आवाज असेच एकमेकांवर चढतात.

धुळेकर
ड्रम्सचं कारण पटलं, कानबाईचं नाही. त्या बायकांना गाणी लहानपणापासून तोंडपाठ असतात. कुणी कुठे शिरायचं हे अंगात मुरलेलं असतं. रेनकोट्सना बँड काढून जेमतेम दोन वर्षं झाली होती. पोरींनी हा अल्बम घ्यायचाच असेल तर ‘लोला’ सोडा, ‘नो साइड टू फॉल इन’ घ्या. त्यात वाद्यं थांबून नुसते आवाज उरतात. तेवढा तुकडा आधी महिनाभर वाद्यांशिवाय घोटा, मग ॲम्प लावा.