दुष्काळात दुधनेकाठी आलेल्या खापरपणजोबांचं मूळ गाव कसं शोधावं?

दुधनाकाठची:
नमस्कार. माझं माहेर परतूर तालुक्यातलं, दुधनेच्या काठचं. आता सेलूला असते. आमच्या घराण्याबद्दल गावात एकच गोष्ट सांगतात. मोठ्या दुष्काळात दोन भाऊ गाडीत बिऱ्हाड घालून घाटाकडून आले, आधी पाटलाच्या वाड्यावर सालगडी राहिले, मग माळावरची पडीक जमीन वाहितीला आणली. थोरला राणू, धाकटा सटवा. राणू म्हणजे माझे खापरपणजोबा. त्यांचा मुलगा म्हसू, त्याचा मुलगा पुन्हा राणू, म्हणजे माझे आजोबा, जन्म १९१५ च्या आसपासचा.

१९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकात, म्हणजे कोणता जमिनीचा नंबर कुणाच्या नावे याच्या सरकारी नोंदीत, आजोबांचं नाव मिळालं. त्याच्या मागं काहीच नाही. आमच्याकडं पाटीलकी नव्हती, इनाम नव्हतं, त्यामुळं सनद वगैरे असण्याचा प्रश्न नाही. आडनावही कुठल्या गावावरून पडलेलं नाही. एक गोष्ट मात्र वेगळी आहे. गावातली बाकीची घरं तुळजापूरला, माहूरला नाहीतर माळेगावला जातात आणि आमची भावकी साताऱ्याकडच्या पालीच्या खंडोबाला जाते.

अजून एक. थोरल्या राणूची बायको. वाटेत तिची दोन लेकरं गेली असं सांगतात, पण तिचं नाव आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. मला मूळ गावाइतकंच तिचं नावही हवं आहे. कुठून सुरुवात करू?

सज्जा:
ताई, मी याच पट्ट्यात तलाठी होतो, आता निवृत्त आहे. खासऱ्यापाशी बहुतेकांचं घोडं अडतं, कारण सगळे नाव धरून मागं जायला बघतात. जुन्या कागदावर आडनाव क्वचितच असतं आणि तुमच्याकडं तर आजाचं नाव नातवाला द्यायची रीत आहे. थोरल्या राणूच्या बापाचं नावही म्हसूच असलं तर ‘राणू म्हसू’ हा आजोबा की खापरपणजोबा, कसं ओळखणार? म्हणून खासऱ्यातला सर्व्हे नंबर घ्या आणि त्याच्यावरून मागं जा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात त्या नंबरच्या सेतवारची नक्कल मागा. मूळ नंबर कुणाच्या नावे होता, पोटहिस्से कसे पडले ते त्यातून कळतं. शेजारचे नंबरही सोडू नका. दोन भावांनी एकाच वेळी माळ फोडला असेल तर सटव्याचा तुकडा बांधाला बांध लागून असणार. एका कागदावर राणू आणि सटवा दोघं सापडले की समजा माणूस तोच.

परतूर आधी परभणी जिल्ह्यात होतं, १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा तिकडं गेलं. जालन्यात ‘नाही’ म्हणाले तर परभणीत विचारा. पुष्कळ लोक इथंच परत फिरतात.

दुष्काळाचं म्हणाल तर माझा अंदाज १८७६-७८ चा. आजोबा १९१५ चे, तर म्हसू १८८५-९० चा आणि राणू १८५५-६० च्या सुमाराचा धरा. म्हणजे दुष्काळात विशीतला जवान. त्या साली सातारा, सोलापूर, नगरकडची माणसं जनावरं घेऊन निजामाच्या मुलखात आणि वऱ्हाडात उतरली होती. रेल्वे या भागात १९०० च्या सुमारास आली, त्यामुळं बैलगाडीची गोष्टही जुळते.

आता तुमच्या खापरपणजीचं. बायकांची नावं कागदावर बहुतेक विधवा झाल्यावरच येतात. नवऱ्यामागं जमीन तिच्या नावे लागली तर ‘अमुक भ्र. राणू’ (भ्रतार, म्हणजे नवरा राणू) अशी नोंद असते, उर्दू कागदात ‘जौजे राणू’, म्हणजे राणूची बायको. राणू आधी गेला असेल तर आशा आहे. आणि एक सांगतो, ते माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. नव्या मुलखात आलेली माणसं पहिल्या पिढीची सोयरीक जुन्या मुलखातच करायची. म्हसूची बायको, म्हणजे तुमची पणजी, कुठली होती? तिचं माहेर हाती आलं तर राणूचं गाव त्याच्या आसपासच निघेल.

मोडीवाचक:
काकांशी सहमत, फक्त खंडोबावरून सातारा पक्का धरू नका. पालीला पौषातल्या यात्रेला सातारा जिल्ह्याबाहेरचे भाविकही येतात. कुलदैवत हा धागा आहे, पुरावा नव्हे.

गावपातळीचे जुने कागद बहुधा मोडीत आहेत, तालुक्याच्या वरचे उर्दूत. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, असेल तर ५९० मिळवा, १३०० फसली म्हणजे १८९०-९१. नुसतं नाव वाचून पान उलटू नका. नावापुढं ‘साकीन’ (राहणार) किंवा ‘हल्ली वस्ती’ लिहिलंय का ते बघा. ‘मौजे अमुक, हल्ली वस्ती मौजे तमुक’ असं दिसलं तर पहिलं गाव तुमचं.

तुम्ही पाटलाचा वाडा म्हणालात. त्या घरात जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, शिल्लक असतील तर हात जोडून मागा. सालगड्याचं साल ठरवताना, उचल देताना चिठ्ठ्या व्हायच्या आणि परमुलखातल्या माणसाला उचल देताना त्याचं गाव विचारलं जाणारच. सरकारी दफ्तरापेक्षा मला तिथं जास्त आशा वाटते. सावकाराच्या वह्यांचंही तेच.

आणखी एक. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दफ्तरं उघडली गेली आणि बरीच पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. तुमची जात कोणतीही असो, गावाचं पान बघून घ्या. एकाच पानावर शेजारपाजारची घरं सापडतात. मोडी वाचायला अडलात तर फोटो टाका, मी वाचून देईन.

गोदामाय:
दुसरी वाट सांगते. राणू किंवा म्हसू कधी नाशिकला, त्र्यंबकेश्वरला अस्थी घेऊन गेले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत नोंद असू शकते. गाव आणि आडनाव सांगून विचारावं लागतं. आमच्या नोंदीत पणजोबांनी स्वतःच्या आईचं नाव सांगितलेलं निघालं. आईच्या अस्थी घेऊन गेलेला मुलगा आईचं नाव सांगतोच. तुमच्या खापरपणजीसाठी ही वाट नक्की करून बघा.

दुधनाकाठची:
काका, तुमचा सोयरिकीचा प्रश्न वाचला आणि लगेच मोठ्या आत्याला फोन लावला. ऐंशीच्या पुढं आहे, पण स्मरण लख्ख. म्हणाली, “तुझ्या पणजीला समदे खटावची म्हणायचे. भावबीजेला तिला कुणीच न्यायला यायचं नाही, लई लांब होतं म्हणून.” आम्ही कुणी आत्याला हे कधी विचारलंच नव्हतं आणि तिलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

खटाव म्हणजे साताऱ्याचा पूर्वेकडचा कोरडा तालुका आणि पालही त्याच जिल्ह्यात. मोडीवाचक म्हणतात तसं अजून पक्कं धरत नाही, कारण खटाव गाव की खटाव तालुका हेही आत्याला सांगता आलं नाही. सोमवारी परतूरला सेतवारच्या नकलेचा अर्ज देते. पाटलांच्या सुनबाई माझ्या वर्गातल्या, रुमालाचं त्यांना विचारते. नाशिकला दिवाळीनंतर जाईन.

खटाव, माण भागातलं कुणी इथं असेल तर एवढं सांगा: राणू आणि सटवा हे दोघं भाऊ दुष्काळात गाव सोडून गेले आणि परतले नाहीत, असं तुमच्या भावकीत कुणी सांगतं का?